ढकल्या माघारी कसा आला

१८ ऑगस्ट, रविवार

ही डायरी माझ्या बायकोच्या, रूपाच्या कंपनीची. दर वर्षी रसायनीहून एक घरी येते आणि कपाटात पडून राहते. आज तिनेच काढून दिली. म्हणाली, "डोक्यात चाललेलं सगळं मला एकटीला सांगू नकोस. थोडं हिलाही सांग." पानावर जानेवारीची तारीख छापलेली होती, ती खोडून आजची घातली.

तर सुरुवात. मुंबईच्या स्टुडिओने जूनमध्ये आमचा अख्खा विभाग बंद केला. तिथे मी चौदा वर्षं लहान मुलांच्या मालिकांतल्या सशांचे कान आणि माकडांच्या शेपट्या हलवल्या. आता कर्जतला, भिसेगावातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत बसून स्वतःची फिल्म करतोय. अकरा मिनिटांची विज्ञानकथा. संवाद नाही, निवेदन नाही, पाटीसुद्धा नाही. फक्त हाताने काढलेली चित्रं आणि इलेक्ट्रॉनिक संगीत. सेकंदाला बारा चित्रं धरली तर सात हजार नऊशे वीस होतात. शब्द का नाहीत असं लोक विचारतात. मी काहीतरी मोठं बोलतो, पण खरं कारण एवढंच की चौदा वर्षं ते ससे इतकं बोलले की माझे कान किटले.

गोष्ट आबांकडून मिळाली, त्यांना न विचारता. आबा म्हणजे माझे वडील, श्रीपत ओव्हाळ, बँकरचे ड्रायव्हर. कर्जतच्या बाहेर बँकर म्हटलं की लोकांना बँकेतला माणूस वाटतो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की तिच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि मागून ढकलत तिला घाट चढवतात. त्यांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला ती सुटतात. गाडी पुढे पुण्याला जाते, बँकर रिकामा कर्जतला येतो. आबांनी हे एकोणतीस वर्षं केलं. पुण्याला मात्र ते आयुष्यात दोनदाच गेले.

माझ्या फिल्ममध्ये एक ग्रह आहे. तिथली हवा जड झाली आहे आणि लोक तो सोडून चाललेत. त्यांच्या मोठ्या यानांना ती हवा भेदून वर जाता येत नाही, म्हणून एक बुटकं, गोल यान त्यांना मागून ढकलतं. त्याला मी ढकल्या म्हणतो. ढकल्याला आकाश दिसत नाही. त्याला फक्त यानाची पाठ दिसते आणि तिच्यावरची मोठी पिवळी फुली, शेवटच्या डब्यावर असते तशी.

हे चांगलं आहे असं मला वाटतं. असं वाटून फार वर्षं झाली होती.

१ सप्टेंबर

संगीत रूपा करतेय. बाहेरून करून घेणं शक्य नाही आणि तिला हौसही आहे. लग्नाआधी ती खालापूरला तिच्या मामांच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायची. जयंतीच्या मिरवणुकीत टेंपोवर बसलेली ती एकटी मुलगी. मी तिला पहिल्यांदा तिथेच पाहिलं. आता ती रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सव्वासहाला चारफाट्यावर कंपनीची बस, साडेचारला परत. मग स्वयंपाक, आबांचं औषधपाणी, मग कीबोर्ड. घर सध्या तिच्या पगारावर चाललंय. हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

आज तिने पाण्याच्या मोटरचा आवाज फोनवर घेतला, लॅपटॉपवर चार पट संथ केला आणि ऐकवला. ढकल्याचं इंजिन. मी दचकलोच.

२२ सप्टेंबर, रविवार

आबांना बोलतं केलं. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते. मी वही घेऊन, रूपा तांदूळ निवडत. मला एवढंच हवं होतं की पुढचा ड्रायव्हर आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांशी बोलायचे कसे.

"आता वॉकीटॉकी हाय," आबा म्हणाले. "आमच्या टायमाला हॉर्न. पुढच्यानं दोन द्यायचे. मागच्यानं ऐकून दोन द्यायचे. मागच्याचं उत्तर आल्याबिगर ब्रेक सोडायचा नाय."

"आणि उत्तर नाही आलं तर?" रूपाने विचारलं.

"तर गाडी उभी. मागं मानूस हाय का नाय, जागा हाय का झोपलाय, त्याला कसं कळनार गं?"

मला हवं ते मिळालं. दोन हाका, दोन उत्तरं. शब्दांची गरजच नाही, आणि ही माझी कल्पना नसून खरंच असं चालायचं, म्हणजे कुणाची टीका होण्याची भीती नाही. मी वही मिटली. रूपाने मागून आणखी काहीतरी विचारलं, वर सुटल्यावर पुढचा ड्रायव्हर तुमच्यासाठी हॉर्न द्यायचा का, असं काहीसं. आबा हसले. "काय काय जन द्यायचे. बाकीच्यांना पुण्याचे वेध."

मी वर येऊन कामाला लागलो. दोघं खाली बराच वेळ बोलत होती. निवडलेले तांदूळ तसेच सुपात होते.

१३ ऑक्टोबर

वाईट दिवस. आठवडाभराची चारशे चित्रं फुकट. ढकल्या जोर लावतोय असं वाटतच नाही, भिंतीला टेकून उभा आहे असं वाटतं. रूपा रविवार म्हणून रंग भरायला बसली होती. (रंग तीच भरते. तिला तेवढाच विरंगुळा.) मी तिच्यावर उगाच ओरडलो, चहा गार झाला म्हणून.

संध्याकाळी सुचलं. ढकल्या हलायला नको, फुली थरथरायला हवी. त्याला जे दिसतं तेच हललं की जोर कळतो. रूपाने हे परवा म्हटलं होतं खरं, पण तेव्हा मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

१४ ऑक्टोबर

फुली थरथरली. जमलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

साडेचार हजार चित्रं झाली. डोळ्यांची आग होते. मध्येच वाटतं, सदतिसाव्या वर्षी वडिलांच्या घरात बसून गोल यानं काढणारा माणूस म्हणजे गावाला तमाशा. विहारात गेलो तर लोक विचारतात, सध्या काय? मी म्हणतो फिल्म. ते म्हणतात, कुठल्या हिरोची?

रूपाच्या कंपनीचा दहेजला नवा कारखाना होतोय, गुजरातेत. तिथे लॅबची प्रमुख म्हणून तिला विचारलंय. दोन वर्षांसाठी. या खात्यात आजवर बाईला कुणी ते पद दिलेलं नाही, असं ती म्हणाली. तिने मार्चपर्यंत मुदत मागून घेतली, माझी फिल्म होईपर्यंत. "तुला काय वाटतं?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "बघू, फिल्म तर होऊ दे." ती बरं म्हणाली. रूपाचं हे चांगलं आहे, ती कुठल्याही गोष्टीचा बाऊ करत नाही.

११ जानेवारी

चित्रं संपली. शेवटच्या दृश्यात ढकल्या सुटतो, यान हवेच्या वर जातं, खिडक्यांतून लोक पहिल्यांदा तारे बघतात. त्या खिडक्यांवर मी नऊ दिवस घालवले. बघताना माझ्याच अंगावर काटा आला.

पण घोळ झालाय. रूपाने आज सकाळी कामावर जाताना पूर्ण संगीत दिलं. ते चौदा मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. फिल्म अकरा मिनिटांची. बंगळुरूच्या महोत्सवाला बारा मिनिटांच्या वर चालत नाही आणि पंधरा ही शेवटची तारीख. तिचा हिशेब चुकला असणार, लॅबमध्ये तपासणीची धावपळ आहे, बिचारीला वेळ कुठे मिळतो. तिला त्रास नको म्हणून मीच कापलं. यान वर पोचतं तिथे सूर चढतो, त्याच्या टोकावर. अगदी कापायलाच ठेवल्यासारखी जागा होती. उरलेलं ऐकलं नाही. लॅपटॉपवर आवाजाची पट्टी दिसते त्यात शेवटी तर सरळ रेघ आहे, म्हणजे नुसती शांतता.

१५ जानेवारी

फिल्म पाठवली. अर्ज भरताना प्रश्न आला, फिल्ममध्ये नावं कुठे घालायची. मी ठरवलंय, निःशब्द म्हणजे निःशब्द. शेवटीसुद्धा नाव नको, माझंही नको. रूपाला सांगितलं. ती डबा भरत होती. "ठीक आहे," म्हणाली.

अर्जात मात्र नाव लागतंच. एकच रकाना होता, त्यात माझं घातलं. संगीत या रकान्यात तीन पर्याय होते. मूळ, परवानगीने घेतलेलं, मोफत उपलब्ध. मी मूळ निवडलं.

१९ जानेवारी, रविवार

घरच्यांना फिल्म दाखवली. टीव्हीला लॅपटॉप जोडला, खिडक्या लावून घेतल्या. आबा खुर्ची पुढे ओढून बसले. दोन हॉर्न झाले, दोन उत्तरं झाली, तसे ते सरळ झाले. फुली थरथरायला लागली तेव्हा त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. मला तेवढं बक्षीस पुष्कळ होतं.

यान वर गेलं, तारे आले, पडदा काळा झाला.

आबा थांबून राहिले. मग म्हणाले, "आनि ढकल्या?"

"ढकल्याचं काय?"

"त्यो माघारी कसा आला?"

मी सांगितलं की फिल्म तिथे संपते, पुढचं प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. आबांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. "वर ढकलनं काय कठीन नाय रं. पुढं गाडीचा आधार असतोय. उतारावर एकट्यानं येनं, ते कठीन. समदे अपघात उतरताना."

मी म्हटलं, आबा, ही कला आहे, रेल्वे नाही. असं बोलायला नको होतं.

रूपा उठली. चहा टाकते म्हणाली. दारात थांबून विचारलं, "माझं शेवटचं काढलंस?"

"लांब होत होतं. बारा मिनिटांची मर्यादा आहे."

"हं." मग म्हणाली, "छान झालीय."

तिलाही आवडली. आता नुसती वाट बघायची.

२७ जानेवारी

रूपाने कंपनीला दहेजसाठी हो कळवलं. मला सांगितलं ते कळवून झाल्यावर. मी म्हटलं, मार्चपर्यंत वेळ होता ना, घाई काय होती? ती म्हणाली, "फिल्म झाली ना? तेवढ्यासाठीच थांबले होते."

बरोबरच आहे तिचं. तरी दिवसभर काहीतरी बोचत राहिलं. काय ते कळलं नाही.

२ मार्च, रविवार

रूपा गेली. पनवेलपर्यंत रेल्वेने, तिथून पुढे भरूच, मग दहेज. दोन बॅगा. कीबोर्ड नेला नाही. मी म्हटलं घेऊन जा, तिथे संध्याकाळी वेळ जाईल. "तिथे वाजवून काय करू?" म्हणाली आणि त्याच्यावर जुनी चादर टाकली, चारही कोपरे नीट दाबून.

आबा गुडघे दुखत असताना स्टेशनवर आले. मी तिच्या खिडकीपाशी होतो, ते मात्र पुढे न येता शेवटच्या डब्याशी जाऊन उभे राहिले. जुनी खोड. गाडी हलली तेव्हा त्यांनी तिथून हात वर केला. रूपा माझ्याकडे न बघता मान बाहेर काढून मागेच बघत होती.

११ मार्च

आबांच्या गोळ्या कोणत्या कधी द्यायच्या, हे रूपाने फ्रीजवर लिहून ठेवलंय. भात दोनदा करपला. आबांनी तो तसाच खाल्ला.

९ एप्रिल

निवड झाली. देशभरातून एकवीस फिल्म, त्यात माझी. मेल तीनदा वाचला. खाली जाऊन आबांना मिठी मारली, आमच्यात ती पद्धत नसताना.

मेलबरोबर छापायला गेलेलं कार्यक्रमपत्रक आहे. त्यात फिल्मच्या चित्राखाली लिहिलंय, चित्रं, संगीत आणि दिग्दर्शन : प्रीतम ओव्हाळ. अर्जात एकच नाव होतं, त्यांनी सगळीकडे तेच घातलं. त्यांची काय चूक?

मी खोटं लिहिणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. पत्रक तसंच रूपाला पाठवलं.

दुपारी तिचं उत्तर आलं. एकच शब्द. अभिनंदन.

आमच्या घरात कुणी कुणाला अभिनंदन म्हणत नाही. शेजारच्या पोराला दहावीला चांगले मार्क पडले की म्हणतो. मी तो शब्द बघत बसलो आणि मग ते पत्रक पुन्हा उघडलं.

१४ एप्रिल

सकाळी विहारात वंदना झाली. बाहेर मनोज भेटला, रूपाचा मामेभाऊ. बेंजो पार्टी आता तो चालवतो आणि यंदा कर्जतची मिरवणूक त्यांच्याकडे होती. जय भीम झालं. "रूपाताई नाय आली? फिल्मला म्यूजिक तिचंच ना? आमाला कदी ऐकवतोस?" मी म्हटलं, ऐकवतो. "पेपरात नाव येईल तवा सांग. आमच्या बापाला लय कौतुक तिचं. म्हनायचा, ही पोरगी मिरवनुकीत दमत नाय, पन कोन वाजवतंय ते लोकांना दिसत बी नाय. समदे नाचनाऱ्याला बघतात."

मिरवणुकीला थांबलो नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि जानेवारीत कापून टाकलेली तीन मिनिटं चाळीस सेकंद शोधली. काढून टाकली नव्हती, फाइल तशीच होती. खालच्या खोलीतच लावली. आबा खाटेवर पडले होते.

आधी चढलेला सूर निघून जातो, दूर, लहान होत. मग ढकल्याचं इंजिन एकटं उरतं. तीच आमच्या मोटरची घरघर, पण आता तिच्यावर ओझं नाही, नुसतीच हलकी घरघर, ऐकवत नाही इतकी एकटी. मग ब्रेकचा आवाज, सोडलेला, लावलेला, सोडलेला. मग अचानक सगळं दबतं आणि परत मोकळं होतं.

"बोगदा," आबा म्हणाले. ते उठून बसले होते.

पुन्हा दबलं, मोकळं झालं. पुन्हा.

"मंकी हिलच्या खालचे हे." घाटातली एकेक जागा, डोळे मिटून. बोटं गुडघ्यावर मोजत होती. "हा मोठा. आता ब्रेक लाव गं, पुढं वळन हाय." आणि ब्रेक लागला. मी आबांकडे बघत राहिलो. "ठाकूरवाडी. हितं पानी प्यायचो." थोडं थांबून, "पळसदरी. आता घर दिसतंय."

मी विचारलं, "आबा, हे तिला कसं माहीत?"

"मीच सांगितलं व्हतं. तांदूळ निवडत व्हती त्या दिशी. तिनं इचारलं, माघारी येताना काय काय ऐकू यायचं. आजवर कुनी इचारलं नव्हतं मला, तुझ्या आईनंसुदिक नाय. मंग समदं सांगितलं, बोगद्यासकट. तू वर गेला व्हतास."

मग दोन सूर आले. ढकल्याचे दोन. आणि त्यानंतर काहीच नाही. अकरा सेकंद. मी जिला सरळ रेघ म्हणालो होतो ती.

"हे काय आहे?"

"यार्डाच्या भायेर आलो की आमी दोन द्यायचो. आतल्यानं हात दाखवला की मंग आत."

"आणि त्याने नाही दाखवला तर?"

"तर भायेर उभं ऱ्हायचं," आबा म्हणाले. "कवाकवा लय येळ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याला कुणी बघत नाही त्याच्यावर मी फिल्म केली आणि शेवटी मीही खिडक्यांतल्या लोकांबरोबर तारे बघायला निघून गेलो. ज्या बाईने मला वर्षभर ढकललं, ती यार्डाच्या बाहेर उभी होती. जानेवारीपासून. तिने दोनदा हाक दिली होती आणि मी ती कापली. मला रडू आलं आणि मी ते आबांपासून लपवलं नाही.

१६ एप्रिल

महोत्सवाच्या बाईंशी फोनवर बोललो. भल्या वाटल्या. म्हणाल्या, संकेतस्थळावर नाव दुरुस्त करू, पत्रकही थांबवता येईल. फिल्म बदलता येणार नाही, वेळ वाढवता येणार नाही. चौदा-चाळीस तर नाहीच. "तुम्ही नाव घालून आहे तशी दाखवा ना," त्या म्हणाल्या. "संगीतकारालाही आनंद होईल."

वाट सोपी आहे. दोन दिवस विचार करतो म्हटलं.

१८ एप्रिल

मोह फार आहे. लिहून ठेवतो म्हणजे पुढे स्वतःला संत म्हणवून घेणार नाही. एकविसांतली एक फिल्म. तिथे येणाऱ्या लोकांतून पुढचं काम मिळू शकतं आणि मला कामाची गरज आहे. रूपाचं नाव घातलं की अन्याय दूर होतो, असं मी सकाळपासून स्वतःला चार वेळा समजावलं. पण नाव घालून तिचं संगीत कापलेलंच राहणार. यानातून उतरून ढकल्याला नुसती फुलं देण्यातला प्रकार.

दुपारी फिल्म परत घेतल्याचं कळवलं. बाईंनी विचारलं, नक्की ना? नक्की म्हटलं. पाठवल्यावर अर्धा तास जिन्यावर बसून होतो.

रूपाला सांगितलं नाही. सांगितलं की ते उपकार केल्यासारखं होईल. तिने काय करायचं ते नंतर, आधी माझं काम.

४ मे

तीन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे दोन हजार सहाशे चाळीस चित्रं. आबांना घेऊन पळसदरीला जाऊन आलो. स्टेशनच्या बाकावर बसून दोघांनी एक रिकामा बँकर खाली येताना पाहिला. मी पंचवीस चित्रं तिथेच काढली. लहानपणापासून इथे राहतो, पण उतरणारं इंजिन मी कधी नीट बघितलं नव्हतं. चढणाऱ्या गाडीलाच सगळे हात करतात.

८ जून

रंग भरायला चित्रापेक्षा जास्त वेळ लागतो. हे मला ठाऊक नव्हतं. आठ हजार चित्रांचे रंग तिने कामावरून येऊन भरले आणि मी त्याला विरंगुळा म्हटलं. मागची पानं उघडून तो शब्द पाहिला. खोडणार नाही, तिथेच राहू दे.

रूपाशी रविवारी बोलणं होतं. लॅब उभी राहतेय, हाताखाली सहा माणसं आहेत, तिथल्या उकाड्याला ती वैतागलीय. आवाज मात्र मोकळा वाटतो, इथे असायचा त्याहून मोकळा. हे ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही.

२० जुलै

बोगदे झाले. बोगद्यात पडदा पूर्ण काळा ठेवलाय. आबा म्हणतात तसंच असतं.

१७ ऑगस्ट, रविवार

शुक्रवारच्या सुट्टीला जोडून रूपा दोन दिवस आलीय. आज दुपारी परत जायचंय. सकाळी मी म्हटलं, एक बघायचंय. आबा खुर्चीत, ती खाटेच्या कडेला, मी खाली. कीबोर्डवरची चादर मी आदल्या दिवशीच काढली होती. ते तिने पाहिलं असणार.

अकरा मिनिटांपर्यंत तिला पाठ होतं. यान वर गेलं, तारे आले, तशी ती उठायला लागली. पडदा काळा झाला नाही. खाली, फार खाली, ढकल्या दिसला. ती परत बसली.

मी फिल्मकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत होतो. पहिल्या बोगद्याला तिने पदराचं टोक मुठीत धरलं. ठाकूरवाडीला आबा हळूच "पानी" म्हणाले. पळसदरीनंतर ढकल्या यार्डाच्या बाहेर येऊन थांबला. त्याच्यासमोर आता कुणाची पाठ नाही, फुली नाही, मोकळी जागा आहे. ती जागा मी पुन्हा पुन्हा काढली होती. तिच्यावर काही न काढणं सगळ्यांत अवघड गेलं.

त्याने दोन सूर दिले. मग शांतता.

मी फिल्ममध्ये उत्तर घातलं नव्हतं. तिच्या संगीतात ते नव्हतं आणि ते तिने द्यायचं नव्हतंच. मी गुडघ्यांवर सरकत कीबोर्डपाशी गेलो. मला वाजवता येत नाही, फक्त पट्ट्या हेरून ठेवल्या होत्या. एक दाबली. दुसरी दाबली, ती चुकली. फार वाईट वाजली.

रूपा उठून माझ्या शेजारी येऊन बसली. माझं बोट धरून एक पट्टी डावीकडे सरकवलं आणि दाबलं.

पडद्यावर नावं आली. फिल्ममधले तेवढेच शब्द. आधी तिचं, मग आबांचं, मग माझं. आबांनी चष्मा पुसून स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि श्रीपतच्या श्रीची वेलांटी बरोबर आलीय म्हणाले.

मग मी तिला बंगळुरूचं सगळं सांगितलं. "वेडा आहेस," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "दीड वर्ष आहे अजून तिथलं. ते मी पूर्ण करणार." मी म्हटलं, कर. यावेळी तो शब्द लगेच आला.

तिची गाडी साडेचारला आहे. कीबोर्ड बांधून ठेवलाय, तो नेतेय. आबांचे गुडघे आज फार दुखतायत, ते येणार नाहीत. मघाशी मला हाक मारून म्हणाले, "खिडकीशी नको उभा ऱ्हाऊ. शेवटच्या डब्याशी उभा ऱ्हा. तिला सवय हाय तिकडं बघायची."